कल्ले समान आहेत का बघ

पार्लरवालीचा सगळ्यात मोठा गुण कोणता, तर ती आपल्या नात्यातली नसते. हे मला २०२० च्या उन्हाळ्यात कळलं, तोवर मला वाटायचं की आपण पैसे देतो ते हाताच्या सफाईचे. सफाई असतेच हो, पण भुवया कोरताना ती "तुझ्या आत्याच्याही अश्शाच होत्या जाड" असं म्हणत नाही ना, खरे पैसे त्याचे असतात.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, थाळ्या वाजल्या, आणि 'पुढच्या आठवड्यात जाऊ गं पार्लरला' म्हणत बसलेल्या कोथरूडच्या आम्ही तमाम बायका २५ तारखेपासून जशा होतो तशाच घरात अडकलो. दूध, किराणा, औषधं चालू, पण जीवनावश्यकच्या यादीत वॅक्स नाही आणि ट्रिमरही नाही, ऑनलाइन मागवायची सोय नाही, तुळशीबागेत जावं तर पेठा सील. (ती यादी करणाऱ्यांमध्ये चाळिशीच्या पुढची एक तरी बाई हवी होती असं माझं आजही ठाम मत आहे.)

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे भांगातल्या पांढऱ्या पट्टीची रुंदी बघून लॉकडाउन पहिला चालू आहे की तिसरा हे सहज सांगता यायचं. सोसायटीच्या गेटवर भाजीचा टेम्पो यायचा, तिथे खडूच्या गोलात लांब लांब उभं राहून आम्ही सगळ्या एकमेकींच्या डोक्याकडे बघायचो आणि मग कोथिंबिरीकडे बघायचो. आपण समजत होतो त्यापेक्षा आपल्या बिल्डिंगचं सरासरी वय बरंच जास्त आहे, हे प्रत्येकीला कळलं होतं आणि कोणी बोललं नाही. मास्कने अप्पर लिपची चिंता तेवढी मिटवली, पण मग तोंडावर उघडं काय राहिलं तर फक्त भुवया. म्हणजे जो भाग सगळ्यात वाईट अवस्थेत होता, लोक नेमकं त्याच्याशीच बोलायचे.

केसांचं खातं सासूबाईंनी परस्पर ताब्यात घेतलं. "आमच्या वेळी कुठं होती पार्लरं" हे वाक्य सकाळच्या चहाबरोबर सुरू झालं आणि रात्रीच्या औषधाच्या गोळीपर्यंत चालायचं. कपाटात डायचा एक पॅक सापडला होता, तर त्यातला कागद घेऊन नवरा हॉलमध्ये मोठ्याने वाचायला लागला, की यात पीपीडी असतं, त्याची ॲलर्जी येऊ शकते, अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. "अठ्ठेचाळीस तास? तोवर मेंदी चढून उतरेल पण!" असं म्हणून आईंनी लोखंडी कढई काढली, चहाचं पाणी उकळलं आणि मेंदी भिजत घातली.

आता मेंदीचं असं असतं की तिच्यात लॉसोन नावाचा रंग असतो, तो केसातल्या केराटिनला धरतो आणि मूळ रंगावर नुसती झाक देतो, म्हणजे काळ्यावर तपकिरी आणि पांढऱ्यावर थेट केशरी. काळं करायचं तर वरून नीळीच्या पानांची पावडर लावावी लागते आणि ती त्या दिवसांत आणणार कुठून. थोडक्यात, पांढऱ्या पट्टीच्या जागी केशरी पट्टी आली. आईंना ती इतकी आवडली की त्यांनी नणंदेला व्हिडिओ कॉल लावून माझं डोकं दाखवलं, मला न विचारता, वरून झूम करून. नणंद म्हणाली, वहिनी, छान दिसतंय पण तुम्ही ओढणी घेत जा.

वॅक्स मात्र मी स्वतः करायला घेतलं. साखर, लिंबू, थोडं पाणी, आणि गॅस मंद. एकतारी झाला, दोनतारी झाला, गोळीबंदच्याही जरा पुढे गेला, मधासारखा रंग आला, आणि आई आल्या, चमचा बुडवला, चाटला, "पाक छान जमलाय गं, वेलची राहिली" म्हणाल्या आणि शेंगदाणे भाजायला निघाल्या. तो वाचवता वाचवता माझी दमछाक झाली. जुन्या जीन्सच्या पट्ट्या कापल्या, हाताला पावडर लावली आणि मग लक्षात आलं की पट्टी लावता येते पण ओढता येत नाही. स्वतःला दुखवायला जी एक निर्दय तटस्थता लागते ती माणसाकडे नसते, ती पार्लरवालीकडे असते, ती "यंदा आंबा महाग आहे नाही?" विचारते आणि तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. एक बरं, साखरेचं असल्यामुळे कोमट पाण्याने सगळं निघून जातं. केस सोडून सगळं. मुंग्या नंतर कितीतरी दिवस बाथरूममध्ये चौकशीला येत होत्या.

मग लेकीने थ्रेडिंग शिकायचं मनावर घेतलं. चाळीस नंबरचा दोरा, एक टोक दातात, समोर मोबाइलवर व्हिडिओ. मी एका हाताने कपाळ वर ताणलेलं, दुसऱ्याने पापणी खाली, आणि ही दोरा दातात ठेवूनच "आई, हलू नको ना, तुझ्या सुरकुत्या मध्ये येतात" म्हणते. पार्लरमध्ये सुरकुत्यांचा उल्लेख करायचा तर आधी एखादं क्रीम विकायला आणतात, ही रीत असते! काम झाल्यावर माझी एक भुवई कायम काहीतरी प्रश्न विचारायची आणि दुसरी त्याला उत्तर द्यायची नाही.

पण खरा प्रसंग नवऱ्याचा. सलूनमध्ये हा माणूस 'मध्यम' एवढा एकच शब्द बोलून खुर्चीत झोपतो हे मी स्वतः पाहिलंय, तोच गॅलरीत स्टुलावर बसल्यावर प्रोजेक्ट मॅनेजर झाला. अंगाभोवती जुनी चादर, मागे कपडे वाळत घालायचे चिमटे, खाली रद्दी, हातात त्याचाच दाढीचा ट्रिमर. "तीन नंबरची कंगवी लाव, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर राहतील. आधी खालून वर. फेड दे. अगं फेड म्हणजे हळूहळू कमी. कल्ले समान आहेत का बघ." मी समान आहेत म्हटलं तर विश्वास नाही, मोबाइलमधलं ते भिंतीवर फ्रेम सरळ लागली का बघायचं ॲप काढून कानाशी धरलं. समोरच्या बिल्डिंगमधले काका गॅलरीत येऊन "वहिनी, डावीकडून जास्त गेलंय" सांगायला लागले, त्यावर आई आतून बाहेर येऊन "नाही हो, त्याचं डोकंच लहानपणापासून तसं आहे" म्हणाल्या, आणि डोक्याच्या आकारावर दोन बिल्डिंगांमध्ये सविस्तर चर्चा चालू असताना ट्रिमर बंद पडला.

दाढीचा ट्रिमर तो, अख्ख्या डोक्याला पुरत नाही. चार्जिंगला आठ तास. आणि त्याची अमेरिकेशी मीटिंग संध्याकाळी. त्या मीटिंगला तो कॅमेऱ्याकडे फक्त उजवी बाजू करून बसला, सगळ्यांना वाटलं दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी महत्त्वाचं बघतोय.

२८ जूनला सलून उघडली. तीही अर्धीमुर्धी, म्हणजे कटिंग, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालेल पण त्वचेचं काही नाही, फेशियल तर नाहीच. मी फोन करून पहिली मिळेल ती अपॉइंटमेंट घेतली. ताईने फेस शील्ड घातलेली, अंगावर एकदाच वापरून फेकायचा एप्रन, दोरा दाताऐवजी मानेला अडकवलेला. दुकान तीन महिने बंद पण भाडं चालू होतं, एवढं एक ती बोलली आणि मग कामाला लागली. माझी केशरी पट्टी, प्रश्न विचारणारी भुवई, सगळं तिने पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. एप्रनचे वेगळे पैसे लावले होते, मी ते आनंदाने दिले.

नवरा म्हणत होता, जरा गर्दी कमी होऊ दे, मग जातो. १३ जुलैला पुणे-पिंपरीत पुन्हा कडक लॉकडाउन लागला, २३ पर्यंत. त्या संध्याकाळी तो फुल्ल चार्ज केलेला ट्रिमर घेऊन माझ्यासमोर उभा. म्हटलं कापते, पण सलूनमध्ये बसतोस तसं बसायचं, एक शब्द आणि डोळे मिटायचे.

"मध्यम," तो म्हणाला आणि बसला. समोरच्या गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला.