यशस्वी पँझर जनरल कसे व्हावे

रणगाडा चालवता येण्याची अट नाही. जर्मनीचा नावाजलेला पँझर (रणगाडा) जनरल हाइन्झ गुडेरियन पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशांच्या खात्यात होता, आणि मेख तिथेच आहे. तुम्हीही मोठ्या तोफेच्या नादी लागू नका, रेडिओ मागा. १९४० साली फ्रान्सवर चालून जाताना तुमच्या ताफ्यात पँझर-१ पुष्कळ असणार, म्हणजे दोन मशीनगनी बसवलेला डबा. पँझर-३ ची ३७ मिमी तोफ फ्रेंचांच्या शार बी-१ बिस रणगाड्यावर डागलीत तर ६० मिमी चिलखतावरून गोळा टणकन उडेल. उडू द्या. त्या रणगाड्याच्या बुरुजात माणूस एकटा असतो. त्यानेच शत्रू हुडकायचा, गोळा भरायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा आणि उरल्या वेळात हुकूम सोडायचे. तुमच्या पँझर-३ च्या बुरुजात तिघे, खाली चालक आणि रेडिओवाला. त्या एकट्याची कामं उरकेपर्यंत तुम्ही त्याच्या पाठीमागे पोचलेले असता.

हुकूम मोडायचे, पण पुढे जातानाच. १३ मेला फ्रान्समधल्या सेदाँपाशी म्यूज नदी ओलांडलीत की वरिष्ठांचीच छाती धडधडू लागते. १७ तारखेला तुमचा वरिष्ठ जनरल क्लाइस्ट येऊन झापेल. तिथल्या तिथे राजीनामा पुढे करा. संध्याकाळपर्यंत तोडगा निघतो: मुख्यालय जागचं हलवायचं नाही, ‘जोरदार टेहळणी’ तेवढी करावी. मुख्यालय बिनदिक्कत तिथेच ठेवा, स्वतः पुढे जा आणि मध्ये टेलिफोनची तार ओढा. रेडिओवर बोललात तर वरचे ऐकतात. २० मेला ही टेहळणी समुद्राला लागली.

रशियात हे जमत नाही. धूळ इंजिनात जाते, सिलिंडर झिजतात, गाडी तेल प्यायला लागते. ४ ऑगस्ट १९४१ ला बेलारूसमधल्या बोरिसोव्हला खुद्द हिटलरकडे इंजिनं मागा. तो सबंध पूर्व आघाडीला मिळून ३०० देऊ करील. २३ तारखेला ‘कीव्ह नको, मॉस्कोच’ असं ठणकावायला त्याच्याकडे जा आणि कीव्हचा हुकूम घेऊन परत या. सैन्याच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याचा तिळपापड होईल, त्याला इलाज नाही. ऑक्टोबरात मॉस्कोच्या वाटेवर मत्सेन्स्कपाशी सोव्हिएत टी-३४ रणगाडे गाठ घालतील. त्यांचे पट्टे अर्धा मीटर रुंद, चिखलावर तरतात. तुमचे अरुंद, रुततात. डिसेंबरात तेल काकवीसारखं घट्ट होतं. इंजिनाखाली शेकोटी पेटवा आणि गाडी सुरू होण्याची वाट बघत बसा. पण मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या तुला शहरापासून न विचारता मागे सरकू नका. मागे जाताना मोडलेला हुकूम माफ होत नाही. वर्ष संपायच्या आत घरी बसाल.

घरी बसण्यातही काही वाईट नाही. हिटलरच्या खास निधीतून महिन्याला २,००० राइशमार्क येतच राहतात, करमुक्त. वर जहागीर: दायपेनहोफ, ९३७ हेक्टर, पोलंडमधल्या बळकावलेल्या मुलखात. मूळ मालकाची चौकशी करू नये, पीकपाण्याची करावी. १९४३ साली रणगाडा दलांचा महानिरीक्षक म्हणून परत बोलावणं येतं. २० जुलै १९४४ ला हिटलरला मारायला अधिकाऱ्यांनी ठेवलेला बाँब फुटेल तेव्हा जहागिरीवर असा. दुसऱ्या दिवशी सैन्याच्या जनरल स्टाफचं प्रमुखपद पदरात पडतं, आणि पाठोपाठ ‘सन्मान न्यायालया’तली खुर्ची. तिथे कटाचा संशय असलेल्या जुन्या सहकाऱ्यांच्या अंगावरचा गणवेश उतरवायचा, म्हणजे त्यांना नाझींच्या लोकन्यायालयाकडे सोपवता येतं.

शरण जायचं ते अमेरिकनांना. १९४८ ला सुटलात की शेवटची मोहीम कागदावर लढा. सगळ्या चुका हिटलरच्या. कमिसारांना, म्हणजे सोव्हिएत सैन्यातल्या राजकीय अधिकाऱ्यांना, गोळ्या घालण्याचा हुकूम आपल्या पँझर गटापर्यंत पोचलाच नाही, असं ठोकून द्या. गटातल्या तुकड्यांनी मारलेल्यांचे आकडे वर धाडले होते खरे, पण ते दप्तरात आहेत, आणि दप्तर चाळायला लोकांना दशकं लागतात.

इंग्लंडात लिडेल हार्टसारखा एखादा लष्करी लेखक गाठून ठेवा. तो तुम्हाला थोर म्हणेल. बदल्यात, रणगाड्यांच्या लढाईची विद्या आपल्याकडूनच घेतली असा एक परिच्छेद आठवणींत घालाल का, असं पत्र पाठवेल. घाला, पण इंग्लिश आवृत्तीत. जर्मन आवृत्ती घरची माणसं वाचतात.