ट्रंकभर गहू आणि ग्नाडेनाऊची मंडळी

शेतीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे रशियन लोक १८७४ मध्ये छळाला कंटाळून अमेरिकेत कॅन्ससला पळाले. तिथल्या सरकारने त्यांना ओसाड जमीन फुकट दिली. एका आठ वर्षांच्या मुलीने एकेक दाणा निवडून भरलेल्या ट्रंकेतल्या ‘टर्की रेड’ गव्हाने ते राज्य रातोरात गव्हाचं कोठार झालं, आणि आज आपली पोळीही त्याच गव्हाची आहे.

गोष्ट गोड आहे. बियाण्याला लक्ष्मी मानणाऱ्या आपल्या माणसांना ती भिडणारच. पण तिच्यापायी एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा खरा इतिहास पुसला जातोय, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दाणे निवडणाऱ्या मुलीची गोष्ट ज्या मंडळीची म्हणून सांगतात, ती ग्नाडेनाऊ या वस्तीची. कॅन्ससच्या मॅरियन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), आजच्या हिल्सबरो गावाजवळ, जेकब वीबे या वडीलधाऱ्याच्या मागे आलेली पस्तीसेक कुटुंबं. ही माणसं रशियन नव्हती. घरात प्लाउटडीच ही खालची जर्मन बोली, देवळात शुद्ध जर्मन. पूर्वज नेदरलँड्सकडचे, मग कित्येक पिढ्या व्हिस्तुला नदीच्या खोऱ्यात, मग दक्षिण रशियात. क्रिमियात तर ती १८६० नंतर आली आणि १८६९ मध्ये तिथेच त्यांनी वेगळी मंडळी स्थापली. बाप्तिस्मा जाणत्या वयात आणि पाण्यात बुडवून, राहणी साधी, हातात शस्त्र घ्यायचं नाही.

तो शेवटचा नियमच त्यांना हलवून गेला. छळ म्हणावा असं काही त्यांच्यावर गुदरलं नव्हतं. सैन्यभरतीतून कायमची सूट मिळेल, या वचनावर मेनोनाइट रशियात आले होते, आणि १८७० नंतर ती सूट जाणार हे दिसू लागलं. १८७४ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. त्यांनी जाऊ नये म्हणून झारने जनरल टोटलेबेनला समजूत घालायला पाठवलं, बंदुकीऐवजी जंगलखात्यात काम करण्याचा पर्यायही निघाला. बहुसंख्यांनी तो मानला. साधारण एक तृतीयांश, म्हणजे अठराएक हजार, तरीही निघाले. मार खाऊन पळणं वेगळं आणि बसलेली घडी स्वतःच्या हाताने मोडून उठणं वेगळं. दुसऱ्याला जास्त धैर्य लागतं असं मला वाटतं.

आता तो गहू. पारंपरिक गोष्टीत मुलीने निवडलेले दाणे अडीच लाखांच्या आसपास सांगतात. हजार दाण्यांचं वजन तीस ग्रॅम धरलं तर हे झाले साडेसात किलो. एकरी चाळीस किलो बियाणं धरा. पेरून होतात सात-आठ गुंठे. ज्याने सुपात बियाणं निवडलंय त्याला माहीत आहे की आठ वर्षांच्या पोरीसाठी हे कष्ट खरोखर मोठे आहेत, पण शेवटी क्षेत्र निघतं ते घरामागच्या वाफ्याएवढं.

यावर कुणी म्हणेल, बियाणं वाढतं की! वाढतं. दसपट धरलं तर चार वर्षांत कागदावर दोन हजार एकर होतात, मात्र मधल्या काळात कुणी एक पसाही दळून खायचा नाही. टोळधाडीच्या उन्हाळ्यात येऊन पोचलेल्या माणसांकडून ही अपेक्षा करायची का?

आणि खरी अडचण शेतात नव्हतीच, ती गिरणीत होती. टर्की रेड कडक जातीचा गहू. जुन्या दगडी जात्यांवर तो नीट दळला जाईना, कोंड्याचे तुकडे पिठात मिसळत, म्हणून गिरणीवाले त्याला भाव पाडून मागत. कॅन्ससमध्ये मऊ जातीचा हिवाळी गहू आधीपासून होताच, ॲबिलीन गावाजवळ टी. सी. हेन्री नावाचा बडा शेतकरी तो शेकडो एकरांवर पेरत होता. पोलादी रोलरच्या गिरण्या पसरल्या तेव्हा कडक गव्हाला दिवस आले. त्यात बर्नहार्ड वार्केन्टिन या मेनोनाइट गिरणीमालकाचा वाटा मोठा. तो १८७२ मध्येच अमेरिकेत आला होता. हॉल्स्टेडला त्याने गिरणी घातली आणि पुढे परदेशातून बियाणंही मोठ्या प्रमाणात मागवलं. मग सरकारी कृषी खात्याचा मार्क कार्लटन १८९८ पासून रशियात फिरून आणखी वाण घेऊन आला. म्हणजे रातोरात नाही, पंचवीस-तीस वर्षं. मेनोनाइटांचं श्रेय यात मुळीच कमी होत नाही, फक्त ते एका ट्रंकेत मावत नाही.

‘फुकट जमीन’ हे तर साफ चूक. ग्नाडेनाऊच्या लोकांनी जमीन सँटा फे रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. सरकारने रेल्वेला रूळ टाकण्याच्या बदल्यात लाखो एकर दिले होते, आणि रेल्वेला त्यावर माल पिकवणारे शेतकरी हवे होते.

‘ओसाड’ या शब्दाशी मी जास्त वेळ थांबेन. ज्या कॉ लोकांच्या नावावरून कॅन्सस हे नाव आलं, त्यांना जवळच्या कौन्सिल ग्रोव्हमधून आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं १८७३ मध्ये. वीबेची मंडळी उतरली त्याच्या पुढच्याच वर्षी. क्रिमियातही तसंच झालं होतं: क्रिमियन युद्धानंतर तिथले मुस्लिम तातार मोठ्या संख्येने तुर्कस्तानकडे निघून गेले आणि त्यांनी सोडलेल्या मुलखात हे शेतकरी आले. शस्त्र न धरणाऱ्या या माणसांनी कुणाला हुसकावलं नाही, पण दोन्ही वेळा कुणीतरी हुसकावला गेल्यावरच त्यांना जागा मिळाली. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही.

त्या माळावर झाडं नव्हती, सरपण नव्हतं. घरात विटांची मोठी भट्टी असे, तिच्यात वाळकं गवत आणि काड पेंढ्या-पेंढ्यांनी कोंबायचे. भिंती तापत, रात्रभर ऊब राहत असे. पहिली घरं मातीची, गवताने शाकारलेली. क्रिमियासारखाच एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, मागे शेताचे पट्टे. अमेरिकेत मात्र जमीन चौकोनांत मोजली जाई आणि कर ज्याच्या नावावर चौकोन त्याच्याकडून घेतला जाई, शेजाऱ्याचा पट्टा त्यात असला तरी. काही वर्षांतच गाव मोडलं, जो तो आपापल्या रानात राहायला गेला. मंडळी टिकली, गल्ली राहिली नाही.

राहिली आपली पोळी. यात तथ्याचा अंश आहे. जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाच्या वंशावळीत टर्की रेड येतो. नोरिनचा वंश पुढे मेक्सिकोत हरित क्रांतीचे शास्त्रज्ञ बोरलॉग यांच्या वाणांत उतरला आणि तिथून कल्याणसोनासारख्या आपल्या वाणांत. पण ज्या ठेंगणेपणामुळे खत घालूनही ते पीक लोळेना, तो आला दारुमा या जपानी गव्हाकडून. आणि खपलीची पोळी खाणाऱ्या घरांचा तर त्या ट्रंकेशी दूरान्वयानेही संबंध नाही. तो गहू त्या मुलीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे पेरला जातोय.