अर्थची पिन काढा म्हणे! पेडल बनवणाऱ्यांच्या ‘सहा सुवर्णनियमां’चा प्रतिवाद

गणेशचतुर्थीला आठवडा उरला असताना कुडाळजवळच्या गावातून माझ्या भाच्याचा फोन आला. तो आयटीआयला आहे, गावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि गेल्या वर्षभरात त्याने स्वतःच्या हाताने तीन इफेक्ट पेडल्स (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे) बनवली आहेत. आवाजात आनंद होता. ‘‘मामा, हमिंग पार गेला! पन माइक तोंडाक लागलो काय ओठांक मुंग्यो येतत.’’ ही दोन वाक्ये त्याने एका दमात सांगितली आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. मी विचारल्यावर कळले की त्याने अ‍ॅम्पच्या थ्री-पिन प्लगमधली हिरवी, म्हणजे अर्थची, वायर सोडवून टेप गुंडाळून ठेवली होती. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर तसे आले होते.

‘पेडल बनवणाऱ्यांसाठी सहा सुवर्णनियम’ या मथळ्याचा तो संदेश त्यानंतर मला तीन ग्रुपवर दिसला, त्यांतला एक आमच्या घरच्या मंडळींचा. नियम थोडक्यात असे : फझ (आवाज खरखरीत फाडणारे) पेडल जर्मेनियम ट्रान्झिस्टरचेच बनवावे, 9 व्होल्टच्या कोणत्याही पेडलला 18 व्होल्ट द्यावेत म्हणजे आवाज मोकळा होतो, खारी हवा लागू नये म्हणून सर्किट बोर्डाला खोबरेल लावावे, बायपास नेहमी ‘ट्रू बायपास’च असावा (म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल त्याच्या सर्किटला न शिवता सरळ पुढे जावा), सगळे कपॅसिटर महागातले घालावेत, आणि शेवटी, हमिंग येत असेल तर अ‍ॅम्पची अर्थची पिन काढून टाकावी, ‘परदेशात सगळे असेच करतात’. हा सहावा नियम मी आधी घेतो. बाकीच्या पाचांनी फार तर चिप जळेल. सहाव्याने माणूस जाईल.

गिटारच्या तारा ब्रिज या धातूच्या पट्टीवर टेकलेल्या असतात. ब्रिजपासून एक बारीक वायर आतून जॅकच्या बाहेरच्या कड्याला जाते, तिथून केबलची जाळी पेडलच्या धातूच्या डब्याला, डब्यावरून पुढची केबल अ‍ॅम्पच्या चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, आणि चॅसी अर्थच्या पिनेला जोडलेली असते. म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात तारा असतात तेव्हा तो खरे तर अ‍ॅम्पची चॅसीच धरून उभा असतो. आता उंदराने कुरतडलेल्या वायरीने किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरने चॅसीला फेजचा स्पर्श झाला, तर अर्थ जागेवर असताना मोठा प्रवाह जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसताना काहीच घडत नाही. अ‍ॅम्प चालू राहतो, आवाज अगदी स्वच्छ येतो आणि तारांवर 230 व्होल्ट बसून राहतात. समोरचा माइक मिक्सरमार्गे अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे बोटे तारांवर आणि ओठ माइकवर असे झाले की प्रवाहाची वाट छातीतून जाते. ओल्या, घामेजल्या अंगाचा विरोध हजार ओहमच्या घरात येतो. भागाकार केला तर 230 मिलिअँपिअर होतात. माणसाला वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) 30 मिलिअँपिअरलाच तुटावा अशी योजना असते, यावरून 230 म्हणजे काय ते समजावे.

‘परदेशात सगळे असेच करतात’ या वाक्याचे उत्तरही परदेशातूनच देता येते. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्झी येथे भर कार्यक्रमात, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक राहिलेला कीथ रेल्फ मे 1976 मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला; त्याही वेळी कारण अर्थिंगचेच होते. आमच्याकडे भाद्रपदात मांडवाच्या ताडपत्रीतून पाणी ठिबकत असते, जमीन शेणाने सारवलेली आणि ओली असते, मुले अनवाणी असतात आणि एक्स्टेन्शन बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खुर्चीखाली सरकवलेला असतो. हा संदेश ज्याने लिहिला त्याने असा मांडव पाहिलेला नसावा. पाहून लिहिला असेल तर काय म्हणावे ते मला सुचत नाही.

ओठांना आलेल्या मुंग्यांचे कारण वेगळे आणि तुलनेने साधे होते. भाच्याच्या अ‍ॅम्पमध्ये एसएमपीएस, म्हणजे मोबाइल चार्जरच्या पद्धतीचा वीजपुरवठा, आहे. तशा पुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून चॅसीकडे एकेक छोटा कपॅसिटर लावलेला असतो. अर्थ तोडली की चॅसी या दोन कपॅसिटरांच्या मध्ये लटकते आणि तिच्यावर सुमारे 115 व्होल्ट दिसू लागतात. प्रवाह फार थोडा असल्याने त्याने नुसती चुणचुण होते. अर्थ तुटल्याची खबर अ‍ॅम्प अशा रीतीने देत असतो, आणि आमचे चिरंजीव त्या वेळी हमिंग गेल्याच्या आनंदात होते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य केली पाहिजे : पिन काढली की हमिंग पुष्कळदा खरोखरच जाते. त्यामुळेच हा सल्ला टिकून आहे. अ‍ॅम्प एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्याच ठिकाणच्या सॉकेटवर असला, तर दोघांना जोडणाऱ्या केबलची जाळी आणि दोन्हींच्या अर्थच्या वायरी मिळून एक मोठे वेटोळे तयार होते. त्यात 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तो आवाजात उतरतो. वेटोळे कुठेही तोडले तरी गुणगुण थांबते, मात्र ते आवाजाच्या केबलमध्ये तोडायचे असते, विजेच्या प्लगमध्ये नव्हे. मिक्सरला सिग्नल नेणाऱ्या डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ असे लिहिलेला खटका असतो तो हेच काम करतो. तो आवाजाच्या केबलची जाळी सोडवतो आणि अ‍ॅम्पच्या अर्थला हात लावत नाही. संदेशकर्त्याने तेवढे दोन शब्द कुठेतरी ऐकले असावेत आणि बाकीचे स्वतःच्या मनाने भरले असावे.

भाच्याकडे डीआय बॉक्स नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही. अ‍ॅम्पची वायर घराच्या पडवीतल्या सॉकेटमध्ये होती आणि मिक्सर मांडववाल्याच्या तात्पुरत्या लाइनवर होता. हिरवी वायर पुन्हा स्क्रूखाली घट्ट करून दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावायला सांगितले, तेव्हा बरेचसे हमिंग गेले. उरलेली गुणगुण त्याच्या नव्या पेडलची होती, कारण त्याने ते श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवले होते. प्लॅस्टिक कसलाच आडोसा देत नाही. डब्याला आतून अ‍ॅल्युमिनिअमची फॉइल चिकटवून ती ग्राउंडला जोडल्यावर तीही बसली. गुणगुणीचा उगम ओळखण्याची एक युक्ती उपयोगी आहे : जाड, खालच्या सुराची गुणगुण 50 हर्ट्झची असते आणि ती वेटोळ्यातून किंवा पिकअपमधून (तारांचे कंपन टिपणाऱ्या गिटारच्या भागातून) येते, तिच्याहून बरोबर एक सप्तक वरची, करकरीत गुणगुण 100 हर्ट्झची असते आणि ती बहुधा साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या स्वस्त अडॅप्टरच्या अपुऱ्या फिल्टरिंगमधून येते. गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरल्यावर आवाज कमी-जास्त झाला, तर दोष पिकअपच्या बाजूचा समजावा.

‘आमच्याकडे अर्थिंगच धड नाही, मग पिन असली काय नि नसली काय’ असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. जांभ्याच्या सड्यावर कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्याचा विरोध 50 ओहम झाला, तर दोष आला तरी 230 भागिले 50, म्हणजे जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात, आणि तेवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाने पडणारा खटका) हलतसुद्धा नाही. पण म्हणून पिन काढणे हा उपाय होत नाही. खड्ड्यात पाणी घालावे आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. अशा कमकुवत अर्थमधून वाहणारे ते साडेचार अँपिअर त्याला पुरून उरतात.

आता 18 व्होल्टचा नियम. इथे वाद घालण्याची गरज नाही, डेटाशीट, म्हणजे चिपच्या कंपनीचे माहितीपत्रक, उघडले की पुरे. बाजारात ज्याच्या नकलांचा सुळसुळाट आहे ते क्लॉन सेंटॉर हे पेडल बिल फिनेगन यांनी 1994 मध्ये आणले. त्यात मॅक्स 1044 नावाची एक चिप असते आणि ती 9 व्होल्टपासून आतल्या आत 18 व्होल्ट आणि उणे 9 व्होल्ट तयार करते. म्हणजे संदेश लिहिणारा भला माणूस ज्या मोकळेपणासाठी 18 व्होल्ट द्यायला सांगतो, तो त्या पेडलमध्ये आधीच घातलेला आहे. त्याच चिपच्या डेटाशीटात पुरवठ्याची कमाल मर्यादा 10.5 व्होल्ट दिलेली आहे. साडेदहा. तिला 18 दिले तर ती वास सोडून मरते; मी स्वतः 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर एक मारलेली आहे. तोच प्रकार फिल्टर कपॅसिटरचा. पुष्कळ किटमध्ये तो 16 व्होल्टचा येतो आणि 18 व्होल्टखाली कधीतरी फुगतो. भाच्याला तर राउटरचा अडॅप्टर वापरायचा होता. त्याचा मधला टोक धन असतो आणि बहुतेक पेडल्सना मधला टोक ऋण लागतो, तेव्हा तिथे व्होल्टेजच्याही आधी उलट ध्रुवाने घात होतो. टीएल 072 सारखा ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) एकूण 36 व्होल्टपर्यंत झेपवतो, त्यामुळे काही साध्या बूस्टर पेडलांना 18 व्होल्टने खरेच फरक पडतो, हे खरे. पण ट्यूब स्क्रीमर या पेडलसारख्या रचनेत आवाज फाडण्याचे काम फीडबॅकमधले डायोड करतात आणि ते अर्ध्या-पाऊण व्होल्टलाच वाट उघडतात. त्यांना वरून 9 येताहेत की 18, याची फारशी खबरही नसते.

जर्मेनियमच्या नियमात भक्ती जास्त आणि मोजमाप कमी आहे. लंडनच्या आर्बिटर कंपनीने 1966 मध्ये फझ फेस बाजारात आणले तेव्हा त्यात जर्मेनियम होते, पुढे सिलिकॉन आले, आणि जिमी हेंड्रिक्सने दोन्ही वाजवले. जर्मेनियमचा आवाज अधिक मऊ असतो हे मलाही पटते. पण जर्मेनियमची गळती (ट्रान्झिस्टर बंद असतानाही वाहणारा प्रवाह) तापमान सुमारे 10 अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली, दिव्यांच्या झोतात फझमधल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावरचे साडेचार व्होल्ट जागेवर राहत नाहीत. सकाळी सुंदर वाजलेले पेडल रात्री घसा बसल्यासारखे वाजते. शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन आणलेला जुना ट्रान्झिस्टर तपासल्याशिवाय लावू नये, कारण साधा मल्टिमीटर गळतीलाच गेन (प्रवाह किती पट वाढतो ते) समजतो. 9 व्होल्ट, कलेक्टरला सुमारे 2.47 किलोओहमचा रेझिस्टर, आधी बेस हा पाय मोकळा ठेवून रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजावे आणि मग बेसला 2.2 मेगओहम लावून पुन्हा मोजावे. दोन्हींतला फरक गुणिले 100 हा खरा गेन. माझ्याकडच्या एका ट्रान्झिस्टरने आधी 0.5 आणि नंतर 1.3 व्होल्ट दाखवले, म्हणजे मीटर ज्याला 130 म्हणत होता तो प्रत्यक्षात 80 होता. याहून मोठी अडचण संदेशात आलेलीच नाही : मूळचे पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरचे जर्मेनियम फझ ‘पॉझिटिव्ह ग्राउंड’चे असते, म्हणजे त्याच्या ग्राउंडला बॅटरीचे अधिक टोक जोडलेले असते. ते इतर पेडल्सबरोबर एकाच अडॅप्टरच्या फाटे फोडलेल्या वायरीवर लावले, तर केबलच्या जाळीतून अधिक आणि उणे थेट भिडतात. त्याला वेगळी बॅटरीच द्यावी.

खोबरेलाचा नियम वाचून आधी हसू आले, मग लक्षात आले की त्याचे मूळ घरातच आहे. विळीला आणि कोयत्याला गंज चढू नये म्हणून आजी खोबरेल लावून ठेवायची आणि ते बरोबरच होते. किनाऱ्यावरच्या हवेने सोल्डरचे सांधे काळवंडतात आणि तांब्यावर हिरवे किटण चढते, हेही खोटे नाही. पण विळी रोज हाताळली आणि पुसली जाते, सर्किट बोर्ड डब्यात बंद असतो. तिथे तेल खवट होते, धूळ धरते आणि पोटेन्शिओमीटरमध्ये (फिरवायच्या नॉबमध्ये) उतरले की कुरकुर कायमची मागे लागते. सोल्डर करताना बोर्डावर उरलेला राळेचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, पूर्ण वाळवून, वर अ‍ॅक्रिलिक लॅकरचा पातळ हात द्यावा आणि जॅक, खटके, पोटेन्शिओमीटर त्यातून वगळावेत.

ट्रू बायपास चांगलाच आहे, ‘नेहमी’ नाही. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड धारकता असते, म्हणजे ती स्वतःच एका छोट्या कपॅसिटरसारखी वागते, त्यामुळे सगळी पेडल्स बंद असताना दहा मीटर केबल आवाजातली वरची धार खाऊन टाकते. साखळीत एखादा बफर (सिग्नलला जोर देणारे छोटे सर्किट) असला की ती टिकते. फक्त जर्मेनियम फझ त्याच्या आधी ठेवावे. महागड्या कपॅसिटरांबद्दल एवढेच की आवाजाच्या वाटेवर स्वस्त सिरॅमिकऐवजी साधा फिल्म कपॅसिटर घातला तर काही रुपयांत काम होते, आणि पुरवठ्याच्या फिल्टरला सोन्याचा लावला तरी तो फिल्टरच राहतो.

घरच्या ग्रुपवर हा संदेश टाकणारा माझा चुलतभाऊ गिटार वाजवत नाही. त्याला मी फोन करून संदेश काढायला सांगितला, तेव्हा त्याने तो लगेच काढला आणि मग विचारले, ‘‘आमचो फ्रिज रात्री लय घुमता, त्याची पिन काढलंय तर चलात मां?’’ फ्रिजचा आवाज कॉम्प्रेसरचा असतो, पिनेचा नव्हे, हे मी त्याला सांगितले. तरी दुसऱ्या दिवशी टेस्टर खिशात घालून त्याच्याकडे जाऊन आलो. पिन जागेवर होती.