मोरीचं पाणी, लिंबोणी आणि पावसाचा खंड

पाऊस थांबून आज एकोणिसावा दिवस. रोज दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि सगळं पुढे निघून जातं. शेतात सोयाबीन ऐन फुलात माना टाकतेय, त्या दुःखापुढे माझ्या अंगणातल्या झाडांचं दुःख काहीच नाही, हे मला कळतं. माहेर शेतकऱ्याचंच आहे. तरीही आज अंगणाबद्दलच लिहायचंय, कारण काल शेजारच्या वैनी फाटकातूनच म्हणाल्या, "माणसांना नळ दहा दहा दिवस येईना, अन् तुम्ही झाडांना बादल्या ओतताय?"

त्या मनानं वाईट नाहीत. आमच्या लातूरनं २०१६ पाहिलंय. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी, आणि १२ एप्रिलला मिरजेहून आलेली पहिली पाण्याची रेल्वे. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून कुठे पाणी सांडल्याचा आवाज आला तरी आमच्याकडे माणूस वळून बघतो. म्हणून वैनींना उत्तर देणं मला माझं कर्तव्यच वाटतं.

वैनी, या अंगणात नळाच्या ताज्या पाण्याचा एक तांब्यासुद्धा पडत नाही. जे पडतं ते घरात एकदा वापरून झालेलं असतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, अंघोळीचं. आपल्या सगळ्यांच्या आज्यांच्या घरी मोरीचा पाट सरळ परसात जायचा आणि त्यावर अळू, कर्दळ, केळ पोसलेली असायची. मग न्हाणीघरात फरशी आली, पाइप आला आणि ते सगळं पाणी गटारात जायला लागलं. मी ते परत बादलीत धरते, एवढंच. कपड्यांच्या पावडरचं पाणी मात्र घालत नाही. त्यातल्या सोडियमनं आपली काळी माती चिकट होते आणि वाळली की दगडासारखी आवळते. पिण्याच्या पाण्याच्या आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणीही क्षारांचं असतं, ते फरशी पुसायला. आणि पालेभाजीला साबणाचं पाणी कधीच नाही.

पण झाडं वाचवायची तर पाण्याच्या आधी माती समजून घ्यावी लागते. हे मी एक मोगरा गमावून शिकले. २०१६च्या उन्हाळ्यात मी त्याला रोज संध्याकाळी एक तांब्या पाणी घालत होते. स्वतःच्या वाट्याचं वाचवून. तरी तो वाळला. सासऱ्यांनी, आप्पांनी, खुरपं घेऊन तो उपटला आणि मला जवळ बोलावलं. वरची चार बोटं माती ओलसर, त्याच्या खाली पार धूळ. आणि दोऱ्यासारखी पांढरी मुळं सगळीच्या सगळी त्या वरच्या चार बोटांत दाटीवाटीनं गोळा झालेली. आप्पा म्हणाले, "रोज आयतं वरच मिळाल्यावर मुळी खाली कशाला जाईल, पोरी?" एक दिवस तांब्या चुकला असेल, दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं असेल, संपलं. तो तांब्या आठ दिवस साठवून एकदम दिला असता तर माझा मोगरा आज असता, असं मला अजून वाटतं.

तेव्हापासून आमच्या लिंबोणीला आठवड्यातून एकदाच दोन बादल्या, दिवस मावळल्यावर, सावकाश. आळं खोडाला चिकटून नाही. भर दुपारी सावलीची कड जिथे पडते तिथे गोल चर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की वरची दोन बोटं माती खुरप्यानं भुसभुशीत करायची. शेतकरी म्हणतात ना, एक कोळपणी अर्धं पाणी, ते अंगणातही तितकंच खरं आहे. काळ्या मातीला भेग पडली की ओल त्या भेगेतून उडते आणि बारीक मुळं ताणून तुटतात. भेग दिसली की बुजवायची. मग त्यावर पाचोळा, चांगला चार बोटं जाड. उसाचं पाचट मिळालं तर सोन्याहून पिवळं. पाचोळ्याखाली आज सकाळी हात घातला. एकोणीस दिवस पाऊस नाही, तरी बोटांना गारवा लागला आणि एक गांडूळ हललं. मला भरून आलं, खरं सांगते.

कुंड्यांची गत वेगळी. कुंडीतल्या मुळांना खाली जायला जागाच नसते, त्यामुळे तिथे आठवड्याचा हिशेब चालत नाही. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या खाली आणून भिंतीच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवल्यात. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सर्वांत आत, कारण उन्हात त्यांची मातीसुद्धा भाजून निघते. एखादी कुंडी पार वाळली की माती आकसते, कडेला फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. आपल्याला वाटतं पोट भरलं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवायची. संक्रांतीची बिनरंगाची सुगडं मी टाकत नाही, मोठ्या कुंड्यांत गळ्यापर्यंत पुरून ठेवते आणि पाणी भरून वर पणती झाकते. माती जसजशी कोरडी होते तसतसं ती सुगडातून ओल ओढून घेते. यासाठी जुना, पाणी गार करेनासा झालेला माठ मात्र वापरू नका. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, तो पाझरणार कुठून?

आणि दुपारी पान लवलं की तांब्या घेऊन धावू नका. कडक उन्हात पानं स्वतःच लवतात. सकाळी सातला बघा. तेव्हाही मान खाली असेल तर ती तहान.

सगळंच वाचत नाही, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली. तेरडा आणि झेंडू या खेपेला मी सोडून दिलेत, त्यांचं बी पुन्हा टाकता येईल. चाफा, बोगनवेल, कोरफड यांना मी विचारतही नाही, ती काढतील कळ. गुलाबाच्या कळ्या मी खुडल्या. हात धजत नव्हता, पण फुलापेक्षा झाड मोठं. खत सगळ्यांचंच बंद, तहानलेल्या मुळांना ते सोसत नाही. लिंबोणी, कढीपत्ता, पारिजातक ही वर्षानुवर्षांची माणसं आहेत, पहिला हक्क त्यांचा. तुळशीला रोज घरातल्या एसीचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

राग येतो तो एका गोष्टीचा. भर पावसाळ्यात रोपं लावून फोटो काढणारे आपण, आणि अंगणात खोडाला भिडेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणारेही आपणच. मग चार सरी आल्या तरी त्या झाडाला काय मिळणार? निदान खोडाभोवतीचे दोन हात तरी उघडे ठेवा हो. एक रांग ब्लॉक काढायला किती वेळ लागतो? काल आमच्या समोरच्यांनी कडुनिंबाखालचे काढले, मी पहार धरायला गेले होते.

आणि गल्लीत रोज सकाळी झाडून पाचोळ्याचे ढीग पेटवतात, ते कृपा करून थांबवा. ज्यांना नको असेल त्यांनी मला नुसता आवाज द्या. मी पोतं घेऊन येते.