'गणिताने सिद्ध' म्हणजे नक्की काय सिद्ध?

सध्या फिरतोय तो मजकूर असा: "पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी अभेद्य असल्याचं गणिताने सिद्ध झालंय. क्वांटम कॉम्प्युटरलाही ती तुटणार नाही. एकदा बसवा आणि निर्धास्त व्हा." पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही तोडता येऊ नये म्हणून रचलेलं गुप्तलेखन. मजकुराच्या तिन्ही वाक्यांत मेख आहे.

"सिद्ध झालंय." जे सिद्ध झालंय ते जर-तरचं विधान आहे. एमएल-केईएम (गुप्त किल्ली ठरवायची या प्रकारातली प्रमाणित पद्धत) तोडता आलं, तर मॉड्यूल-एलडब्ल्यूई नावाचं कोडंही सुटेल. ते कोडं अवघड आहे, हे मात्र कोणीही सिद्ध केलेलं नाही. कोडं म्हणजे काय, तर रेषीय समीकरणांचा ढीग आणि प्रत्येकाच्या उत्तरात मुद्दाम मिसळलेली बारीकशी चूक. चूक नसती तर शाळेतल्यासारखी एकेक चल काढत उत्तर मिळालं असतं. ती असली की दर पायरीला फुगत जाते आणि उत्तर तिच्यात बुडतं. याचं मूळ रूप, एलडब्ल्यूई, ओडेड रेगेव्ह या संगणकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलं. तेव्हापासून भलेभले त्यावर डोकं फोडतायत, आणि आपला भरवसा त्यांच्या अपयशावर उभा आहे. (आरएसए या जुन्या, सर्रास वापरल्या गेलेल्या पद्धतीचंही तसंच होतं म्हणा.)

"क्वांटमला तुटणार नाही." आरएसए तोडू शकणारी पीटर शोर यांची १९९४ ची क्वांटम युक्ती इथे चालत नाही, इतकंच खरं. एप्रिल २०२४ मध्ये यीलेई चेन या संशोधकाने एलडब्ल्यूई सोडवणारा क्वांटम अल्गोरिदम सापडल्याचा दावा केला. एमएल-केईएमचे आकडे त्या दाव्याच्या टप्प्यातही नव्हते, तरी आठवडाभर तज्ज्ञांचा जीव टांगणीला लागला. मग एका पायरीत चूक सापडली. सगळं सिद्धच असतं, तर कोणी ती पायरी तपासायला धावलं असतं का?

शिवाय तोडायला क्वांटमच लागतो असं कुठे आहे? निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या निवड-स्पर्धेत चौथ्या फेरीत पोचलेलं साईक (अशीच आणखी एक पोस्ट-क्वांटम पद्धत) २०२२ साली साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात कोसळलं. गंमत म्हणजे साईक ज्यावर उभं होतं ते आयसोजेनीचं (वक्रांमधल्या नात्यांचं) मूळ कोडं आजही शाबूत आहे. साईक मात्र त्याच्या जोडीला वक्रांवरचे काही जादा बिंदू उघड करत होतं, घात त्या बिंदूंनी केला. म्हणून 'कोणत्या कोड्यावर आधारलेलं?' एवढं विचारून भागत नाही, त्या कोड्याचा नेमका कोणता अवतार वापरलाय हेही विचारावं लागतं.

"निर्धास्त व्हा." निस्ट स्वतः तरी कुठे निर्धास्त आहे? मार्च २०२५ मध्ये त्यांनी एचक्यूसी ही आणखी एक पद्धत निवडली ती लॅटिसला (एलडब्ल्यूई ज्या कोड्यांच्या कुळातलं आहे त्याला) काही झालंच तर हाताशी असावी म्हणून. तिचा पाया वेगळा, संदेशातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या कोड्सचा. ब्राउझरही एमएल-केईएमसोबत एक्स२५५१९ ही किल्ली ठरवायची जुनी पद्धत जोडूनच वापरतात.

तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर पहिलं वाक्य असं करा: "मॉड्यूल-एलडब्ल्यूई क्वांटमलाही अवघड आहे असं धरलं, आणि प्रोग्राम नीट लिहिला असेल, तर एमएल-केईएम सुरक्षित आहे."