वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि

देवपूजेला वेळ मिळत नाही, ही तक्रार आता बंद करा. षोडशोपचारांतले सोळाच्या सोळा उपचार चार मिनिटांत उरकतात, आणि त्याची सोय पूर्वजांनीच करून ठेवली आहे. वस्त्र नसेल तर ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’, दागिना नसेल तर ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’. सवलत होती अडीनडीची, आपण तिचा नियम करायचा. कापसाच्या वस्त्राला निवांत हात लागतात, सहाणेवर गंध उगाळायला मनगट लागतं. अक्षतांना नुसती चिमूट पुरते.

त्या अक्षताही फार मनावर घेऊ नका. अक्षत म्हणजे न तुटलेला, हे विसरून डब्याच्या तळाची कणी घ्या. दोन थेंब पाण्यात कुंकू कालवून दाणे हलके चोळले की रंग धरतो. तुम्ही कुंकू कोरडंच टाका. ते वाटीच्या तळाशी बसेल आणि वर तांदूळ पांढरेच्या पांढरे राहतील. शाळिग्रामाला अक्षता वाहत नाहीत म्हणे. पण मग त्याच्या वस्त्राचं काय करणार? वाहा आणि पुढे सरका.

फुलांच्या बाबतीत समभाव ठेवा. गणपतीला तुळस चालत नाही, देवीला दूर्वा नाहीत, महादेवाला केवडा नाही, हे पाठ करत बसण्यापेक्षा हाताला येईल ते ज्याच्या डोक्यावर पडेल त्याचं. बेल पालथा वाहायचा असतो, म्हणजे पानाची गुळगुळीत बाजू पिंडीकडे. वरून टाकलेलं पान कधीतरी तसंही पडतंच. कालचं निर्माल्य आधी काढायची गरज नाही, देव्हारा भरल्यासारखा दिसतो.

पंचामृत तांब्याच्या वाटीत कालवून सकाळपासून ठेवा. दह्याचा आंबटपणा तांब्याला लागला की ते कळकतं. तेच मग तळहातावर तीर्थ म्हणून वाढा. स्नान झाल्यावर देव पुसू नका. पितळेच्या बाळकृष्णाच्या रांगत्या गुडघ्यामागे पाणी राहतं आणि तिथे हिरवट पुट चढतं. ते फक्त देव घासणाऱ्याला दिसतं. आणि देव घासणार कोण?

खरी कसोटी निरांजनाची. फुलवात तुपात आधी भिजली पाहिजे, अगदी टोकासकट. पितळेच्या वाटीत ती मधोमध उभी हवी आणि तूप पातळ हवं. हे सगळं टाळा. फ्रिजमधल्या तुपाचा गोळा वाटीत ठेवा, कोरडी वात त्यात खोचा आणि काडी ओढा. कापूस भुर्रकन जळेल, कारण तूप वितळून वर चढेपर्यंत त्याच्याजवळ जाळायला स्वतःखेरीज काही नसतं. आरती कडव्यापर्यंत पोचायच्या आत दिवा विझतो. मग समईवरून निरांजन पेटवा. दिव्याने दिवा लावू नये म्हणतात, पण काडेपेटी तेवढ्यात कुणीतरी गॅसजवळ नेलेली असते. त्यापेक्षा बॅटरीची पणती बरी. तिला ना तूप लागतं ना काजळी धरते, आणि आरतीवरून हात फिरवला तर ऊबही लागत नाही.

घंटा मात्र जोरात वाजवा. ‘आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्’, म्हणजे देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. रविवारी सकाळी साडेसहाला कोण येतं माहीत नाही, पण शेजारच्या फ्लॅटमधलं सगळं उठतं.

नैवेद्याला पाण्याचं चौकोनी मंडल काढून त्यावर ताट ठेवतात, पदार्थावर तुळशीपत्र ठेवतात आणि पाणी फिरवतात. ताटात मीठ वाढत नाहीत. तुम्ही आधी चव घेऊन बघा, मीठ कमी असेल तर देवाला उगीच त्रास.

वडीलधाऱ्यांनाही हीच पद्धत लावा. वाकून उजव्या हाताने उजव्या आणि डाव्याने डाव्या पावलाला स्पर्श करायचा, म्हणजे हातांची आपोआप फुली होते. एवढं वाकणं कंबरेला मानवत नाही. हात गुडघ्यापर्यंत न्या आणि तिथूनच परत आणा, ते ‘औक्षवंत हो’ म्हणतातच. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत, हा नियम मात्र कसोशीने पाळण्यासारखा आहे. आजोबा दुपारी आडवे झाले की मगच भेटायला जा. अगदीच उठून बसले तर नमस्कारार्थे अक्षता, म्हणजे मोबाइलवरून हात जोडलेलं चित्र. ते एकाच वेळी साऱ्या नातेवाइकांना वाहता येतं.

शेवटी ‘आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्’, म्हणजे मला आवाहन कळत नाही आणि तुझी पूजाही कळत नाही, असं म्हणायचं असतं. अख्ख्या पूजेत तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकाल असं हे एवढंच आहे, तेव्हा ते सावकाश म्हणा. मग पळीभर पाणी ताम्हणात सोडा आणि चपला घाला. पाणी उद्यापर्यंत तिथेच राहू द्या. फुलाच्या दोन पाकळ्या त्यात कुजतील आणि तांब्यावर काळसर कडं उमटेल. ते उद्या दुसरं कुणीतरी चिंचेने घासेल.