काळी बिअर कडक असते म्हणे!

बिअरच्या ग्लासांचं एक चित्र सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतंय. डावीकडे पिवळीधमक बिअर, मग सोनेरी, तांबूस, तपकिरी आणि उजव्या टोकाला काळीकुट्ट. खाली एक लांबलचक बाण, त्याच्या एका टोकाला 'हलकी' आणि दुसऱ्या टोकाला 'कडक'. त्याखाली बिअर पिणाऱ्याला ठाऊक असायलाच हव्यात अशा काही गोष्टी. चित्र देखणं आहे, पण बाण चुकीचा आहे. खालची वाक्यंही बहुतेक तशीच. एकेक घेऊ.

'बिअर जितकी काळी, तितकी कडक आणि जड.'

ही सगळ्यात घट्ट रुजलेली समजूत. गिनेस ड्राफ्ट घ्या. ग्लासातून पलीकडचं दिसणार नाही इतकी काळी, आणि तिच्यात अल्कोहोल 4.2 टक्के. बेल्जियमची ड्यूवेल घ्या. सोनेरी, वर पांढराशुभ्र फेस, दिसायला एकदम निरागस, आणि अल्कोहोल 8.5 टक्के. म्हणजे दुप्पट. बाणावर विश्वास ठेवून 'आज हलकीच घेतो' म्हणणारा माणूस नेमका ड्यूवेलच उचलेल आणि दुसऱ्या ग्लासानंतर खुर्चीवरून उठताना त्याला बाण आठवेल.

रंग येतो कुठून? बार्ली भिजवायची, तिला मोड आणायचे आणि मग ती उष्णतेवर वाळवायची, की माल्ट तयार होतो. उष्णता बेताची ठेवली तर माल्ट फिका राहतो, वाढवली तर तपकिरी होतो, आणि कॉफीच्या बियांसारखा भाजला तर काळा. आता गंमत अशी की काळ्या बिअरमध्येही बहुतांश माल्ट फिकाच असतो. दहाएक टक्के भाजलेली बार्ली टाकली की पुरे, अख्खा ग्लास काळा होतो. ही युक्ती दोनशे वर्षं जुनी आहे. डॅनियल व्हीलर यांनी 1817 मध्ये माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि पोर्टर ही गडद बिअर बनवणाऱ्यांना मूठभर काळ्या माल्टवर रंग साधता येऊ लागला.

अल्कोहोल मात्र साखरेतून होतं. माल्टमधली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार करतं. इतका करपवलेला दाणा यीस्टला खायला फारसं काही देत नाही. तो रंग देतो, कॉफी-चॉकलेटच्या जवळची चव देतो, पण नशेच्या खात्यात त्याची भर जवळपास शून्य. इंग्लंडमधली डार्क माइल्ड ही गडद बिअर तर तीन-साडेतीन टक्क्यांवरच थांबते.

जडपणाचंही तसंच. साधारण 355 मिलिलिटर गिनेस ड्राफ्टमध्ये सुमारे 125 कॅलरी असतात, तेवढ्याच बडवायझरमध्ये सुमारे 145. मग गिनेस पोटभरीची का वाटते? नायट्रोजनमुळे. बहुतेक बिअरमध्ये बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात, ते जिभेला टोचतात. गिनेसने 1959 मध्ये ड्राफ्टसाठी नायट्रोजन वापरायला सुरुवात केली. नायट्रोजन द्रवात फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे बारीक असतात, आणि फेस सायीसारखा लागतो. जिभेला साय जाणवली की मेंदू जड ठरवून मोकळा.

पटत नसेल तर डोळ्यांनी पाहा. अर्धा ग्लास साधी पेल एल, म्हणजे फिकी बिअर, भरा. चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून गिनेस हळूहळू सोडा. काळी बिअर खाली बसत नाही, वरच तरंगते, आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. कारण तिची घनता त्या फिक्या एलपेक्षा कमी असते.

आता न्यायाने बोलायचं तर समजूत हवेतून आलेली नाही. इंपीरियल स्टाउट काळीही असते आणि 8 ते 12 टक्क्यांपर्यंत कडकही. पण तिथे कडकपणा येतो तो भरमसाट माल्ट वापरल्यामुळे. तेवढाच माल्ट फिका वापरला तर तितकीच कडक फिकी बिअर होईल.

'लागर म्हणजे पिवळी, साधी, सौम्य. एल म्हणजे अस्सल, कडक.'

लागर आणि एल यांच्यातला मूळ फरक यीस्टचा आणि तापमानाचा. एलचं यीस्ट साधारण 15 ते 24 अंशांत काम करतं आणि फळांसारखे वास मागे ठेवतं. लागरचं यीस्ट दोन जातींचा संकर आहे, ते 7 ते 13 अंशांत सावकाश आंबवतं, आणि मग बिअर आठवडे-महिने थंडीत मुरवतात. म्हणून चव स्वच्छ येते. यात रंगाचा संबंध कुठे आला? जर्मनीची श्वार्झबिअर काळी आहे आणि लागर आहे. डॉपेलबॉक सात टक्क्यांच्या पुढे जाते, तीही लागरच. ऑस्ट्रियाची सामिक्लाउस तर 14 टक्क्यांची लागर. उलट बर्लिनर वाइसं ही जर्मन बिअर एलच्या घराण्यातली, आणि अल्कोहोल जेमतेम तीन टक्के.

किंबहुना लागर मुळात पिवळी नव्हतीच. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या जुन्या लागर तपकिरी असत. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने 5 ऑक्टोबर 1842 रोजी फिका माल्ट, तिथलं मऊ पाणी आणि साट्झ भागातले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी आणि ती टिकवणारी वेलीची फुलं) घेऊन नवी बिअर चढवली, तिथून सोनेरी पिल्सनर सुरू झाली. ती इतकी चालली की आज लोकांना लागर म्हटलं की तोच रंग दिसतो.

यानंतर चित्रातली सगळ्यात लाडकी गोष्ट. 'भारताच्या प्रवासात साधी बिअर नासायची, म्हणून जॉर्ज हॉजसनने जास्त अल्कोहोल आणि जास्त हॉप्स घालून आयपीएचा शोध लावला.'

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. कथा छान आहे, पुरावा नाही. हॉजसनची बो ब्रूअरी लंडनच्या पूर्वेला होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत त्या ब्लॅकवॉलजवळ. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा माल नेऊन विकायची मुभा होती, आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीची उधारी देई. जवळ दुकान आणि उधारीची सोय, धंदा आणखी कशाने होतो? साधी बिअर नासायची म्हणावं तर पोर्टरही भारतात जात होती आणि पिण्याजोगी पोचत होती. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बिअरला जादा हॉप्स घालायची रीत ब्रूअरांना आधीपासून ठाऊक होती. पुढे 1820च्या दशकात हॉजसनच्या वारसदारांनी बाजार आवळायला घेतला, तेव्हा इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप या ब्रूअरने त्याच धर्तीची बिअर पाठवायला सुरुवात केली. बर्टनच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा अधिक खुलतो, आणि बर्टनने लंडनला मागे टाकलं.

आणि 'जास्त अल्कोहोल'? त्या काळच्या आयपीएत ते सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास असे. तेव्हा इंग्लंडमध्ये तिच्याहून कडक बिअर भरपूर होत्या. म्हणजे ती तिच्या काळात मध्यम होती. हॉजसनने शोध लावला असता तर त्याने निदान नाव तरी दिलं असतं. तो माल जायला लागल्यानंतर कित्येक दशकांनी, 1829 मध्ये, सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत 'ईस्ट इंडिया पेल एल' असं छापलेलं सापडतं.

याच्याच शेजारी लिहिलंय, 'आयपीए कडू, म्हणून कडक.' हॉप्समधून कडूपणा येतो, अल्कोहोल येत नाही. सेशन आयपीए पाच टक्क्यांच्या आत असते. बार्लीवाइन दहा टक्क्यांना टेकते आणि अनेकदा गोडसर लागते. न्यू इंग्लंड पद्धतीची गढूळ आयपीए हॉप्सने खच्चून भरलेली असते, पण हॉप्स उशिरा घातल्यामुळे वास फळांच्या रसासारखा येतो आणि कडूपणा बेताचाच.

'गढूळ बिअर म्हणजे खराब, आणि केळ्याचा वास आला तर इसेन्स घातलाय.' हेफेवाइझेन ही जर्मनीची गव्हाची बिअर गढूळच असायला हवी, त्यात यीस्ट आणि गव्हाची प्रथिनं तरंगत असतात. केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टच तयार करतं. केळं लागत नाही, इसेन्सही नाही.

'हिरव्या बाटलीतली बिअर अस्सल पिल्सनर, तिचा उग्र वास त्या प्रकाराचाच.' नाही हो! तो बिघाड आहे. प्रकाश पडला की हॉप्समधल्या कडू घटकांचं विघटन होतं आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं, ज्याचा वास स्कंक नावाच्या प्राण्यासारखा येतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. तीच बिअर कॅनमधली आणि दुकानाच्या दिव्याखाली उभी राहिलेली हिरव्या बाटलीतली, अशा शेजारी शेजारी दोन ग्लासांत ओता आणि आधी फक्त नाक लावा.

शेवटचं वाक्य, 'बिअर कोणतीही असो, बर्फासारखी थंडच प्यावी.' फिक्या लागरला थंडी मानवते, तेवढ्यापुरतं कबूल. पण थंडीने वास आणि चव दबतात. इंपीरियल स्टाउट फ्रिजमधून काढल्याकाढल्या प्यायलात तर नुसता करपटपणा लागेल. ग्लासात पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या, मग चॉकलेट, सुक्या फळांचे वास वर येतात. आणि घोट लहान घ्या, कारण ही मात्र खरोखरच काळी आणि कडक दोन्ही आहे.